‘लोक’ म्हणजे कोण? : ‘सिल्व्हर लेक’मधील गावाच्या स्थापनेसंबंधी काही विचार

लॉरा इंगल्स वाइल्डर (१८६७–१९५७) यांच्या ‘बाय द शोअर्स ऑफ सिल्व्हर लेक’ या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीची गणना बालवाङ्मयात होते आणि त्यामुळे गंभीर समीक्षेच्या कक्षेत ती पुष्कळ उशिरा आली. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात लोहमार्गाच्या पाठोपाठ जी शेकडो लहान गावे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली, त्यांपैकी एकाच्या, म्हणजे डकोटा प्रदेशातील डी स्मेट या गावाच्या, जन्माची ही कथा आहे. त्या प्रदेशावरील इतर कादंबऱ्यांत गाव बहुधा आधीच उभे असते. विला कॅथर यांच्या ‘ओ पायोनियर्स!’ (१९१३) या कादंबरीत ते पहिल्याच प्रकरणात वाऱ्याशी झुंजत असलेले दिसते. वाइल्डरबाईंनी मात्र ते उभे राहताना दाखविले आहे. माती कोणी ओढली, खुंट्या कोणी ठोकल्या, लाकूड कोठून आले, पहिल्या पाहुण्याने रात्रीच्या निवाऱ्याचे किती पैसे दिले, हे सर्व तिच्यात आहे. पंचवीस सेंट दिले. जेवणाचे तेवढेच वेगळे.

या पुस्तकाविषयी आज दोन मते प्रचलित आहेत. एक मत असे की, कष्टाळू वसाहतकारांच्या स्वावलंबनाचे हे विश्वसनीय चित्र आहे. दुसरे मत असे की, ज्यांची भूमी गेली त्यांना पुसून टाकून रचलेली ही एक राष्ट्रीय पुराणकथा आहे. या दुसऱ्या मताचा जोर इतका वाढला की, वाइल्डरबाईंच्या नावाने दिले जाणारे बालवाङ्मयाचे पारितोषिक अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने २०१८ मध्ये नाव बदलून पुढे चालविले. प्रस्तुत लेखकाला दुसरे मत पहिल्यापेक्षा सत्याला अधिक जवळचे वाटते. तथापि दोन्ही पक्ष पुस्तकातील प्रसंगांविषयी बोलतात, वाक्यांविषयी बोलत नाहीत. गावाच्या स्थापनेचे वाक्य रचावयाचे तर त्याला कर्ता हवा. वाइल्डरबाईंचा कर्ता ‘लोक’ हा आहे, आणि या एका शब्दाचा अर्थ त्यांच्या हाती सारखा आकुंचन-प्रसरण पावत राहतो. पुस्तकाचे बळ आणि त्याचा दोष या दोहोंचे मूळ तेथे आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

परिभाषेचा एक मुद्दा आधी निकालात काढला पाहिजे. अशा वस्तीला मराठीत ‘गाव’ म्हणणे काहीसे दिशाभूल करणारे आहे. गाव म्हटले की पांढरी आणि काळी, वेस, गावकी, ग्रामदैवत ही सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची घडण आपण गृहीत धरतो; ते कोणी एका वर्षी ‘काढले’ असे आपण म्हणत नाही. ‘पेठ’ हा शब्द अधिक जवळचा आहे. पेठ वसविली जाते. तिला वसविणारा असतो, कौल असतो, आखणी असते, आणि जिच्या नावाने ती ओळखली जाते त्या व्यक्तीचा तेथे निवास असलाच पाहिजे असे नाही. सदाशिव पेठेत कोणी सदाशिवरावभाऊंचे बिऱ्हाड शोधीत नाही. पुढे सोयीसाठी ‘गाव’ हाच शब्द वापरला आहे. पण वाचकांनी मनात पेठ ठेवावी.

कारण डी स्मेट हे अक्षरशः आखणीतून जन्मले. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न या रेल्वेचा ‘डकोटा सेंट्रल’ हा फाटा १८७९-८० या काळात मिनेसोटातील ट्रेसीपासून पश्चिमेकडे मिसूरीकाठच्या पिअरपर्यंत टाकण्यात आला. १८७४ मध्ये ब्लॅक हिल्समध्ये सोने सापडल्यापासून त्या दिशेच्या वाहतुकीवर सर्वच रेल्वे-कंपन्यांचे डोळे लागले होते. वाटेतल्या गव्हाचे भाडे हा दुसरा, आणि पुढे अधिक टिकाऊ ठरलेला लाभ होता. वाफेच्या इंजिनाला ठराविक अंतरावर पाणी लागे आणि शेतकऱ्याला धान्याची गाडी घेऊन एका दिवसात जाऊन परतता यावे लागे. यामुळे स्थानके सामान्यतः सात ते दहा मैलांच्या अंतराने ठेवली जात. स्थानक तेथे गाव, हा क्रम ठरलेला होता. भूगोलज्ञ जॉन हडसन यांनी ‘प्लेन्स कंट्री टाउन्स’ (१९८५) या ग्रंथात अशा गावांच्या आराखड्यांचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एकात मुख्य रस्ता रुळांना काटकोनात येऊन मिळतो आणि सारे गाव रुळांच्या एकाच बाजूला इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या दांड्यासारखे वाढते. डी स्मेटचा मुख्य रस्ता कॅल्युमेट ॲव्हेन्यू हा रुळांना असाच काटकोनात आहे. म्हणजे गावाच्या आकारातच त्याचा मालक कोण ते लिहिलेले आहे: रस्ता चालत जातो तो रेल्वेकडे.

नावांचीही तीच कथा. ‘कॅल्युमेट’ हा मुळात फ्रेंच शब्द. बोरूच्या नळीवरून आला, आणि उत्तर अमेरिकेत गेलेल्या फ्रेंचांनी तो तेथील रहिवाशांच्या तहाच्या चिलमीला लावला. शिकागोच्या परिसरात हे नाव नदीला आणि वस्त्यांना आहे, आणि रेल्वेचे मुख्य ठाणे शिकागोच होते. गावाचे नाव पिएर-जाँ डी स्मेट (१८०१–१८७३) या बेल्जियन जेझुइट धर्मोपदेशकाचे आहे. मिसूरीच्या वरच्या खोऱ्यात त्यांनी आयुष्य वेचले, १८६८ मध्ये सिटिंग बुलच्या तळावर जाऊन त्यांनी तहाची बोलणी केली. परंतु आपल्या नावाचे गाव वसण्यापूर्वी सात वर्षे ते निवर्तले होते. फ्लेमिश भाषेत या आडनावाचा अर्थ ‘लोहार’ असा होतो. लोहमार्गावरच्या गावाला हे नाव मिळावे हा निव्वळ योगायोग आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने असल्या योगायोगांवर प्रेम करावे, पण त्यांवर सिद्धान्त उभारू नयेत.

अशा रीतीने पाया कंपनीचा, आखणी कंपनीची, नाव कंपनीच्या नकाशातले. कादंबरीत हे किती उतरले आहे?

पुष्कळ उतरले आहे, आणि हेच तिच्या प्रशंसकांच्या सहसा लक्षात येत नाही. लॉराचे वडील हे या कथेत प्रथम शेतकरी म्हणून येत नाहीत. ते रेल्वेच्या छावणीत महिना पन्नास डॉलरवर दुकान, हिशेब आणि मजुरांची हजेरी सांभाळणारे नोकर म्हणून येतात. लॉराची मोठी बहीण मेरी नुकतीच आंधळी झालेली आहे, आणि जे जे दिसेल ते तिला शब्दांत सांगावयाचे हे काम वडिलांनी लॉरावर सोपविले आहे. ही योजना या कादंबरीचा कणा आहे. प्रत्येक दृश्य येथे बोलले जात असते. आणि बोलले की त्याला एक कठोर श्रोता असतो. लॉरा एखाद्या रस्त्याविषयी अलंकारिक बोलली की मेरी तिला टोकते. जसे आहे तसेच सांगावे, असा तिचा आग्रह असतो. लॉरा मनात म्हणते की पाहण्याच्या तऱ्हा अनेक आणि सांगण्याच्याही अनेक. लहान मुलांच्या पुस्तकात संदर्भ आणि सत्य यांचा हा वाद इतक्या सहजतेने आलेला दुसरा कोठे माझ्या पाहण्यात नाही.

या योजनेचे सर्वोत्तम फळ म्हणजे लॉरा वडिलांबरोबर मातीकाम पाहावयास जाते ते प्रकरण. नांगर पुढे जाऊन गवताची जुनाट मुळे तोडतात. त्यांच्यामागून घोड्यांच्या जोड्या जुंपलेले लोखंडी खोरे येतात, माती भरून घेतात, भरावावर नेऊन उलटतात आणि वळसा घेऊन पुन्हा नांगरटीकडे येतात. कोणी थांबत नाही, कोणी कोणाला आडवे जात नाही. त्या फेऱ्याला जणू एक चाल आहे आणि आपल्याला ती गाता येईल, असे लॉराला वाटते. येथे वाइल्डरबाईंची वाक्येही आखूड होत होत त्याच फेऱ्यात फिरू लागतात. घरी परत आल्यावर मेरी आश्चर्य करते की, स्वच्छ खोपट सोडून असल्या धुळीतल्या दांडगट माणसांकडे पाहत बसण्यात हिला काय गोडी! तिने तोवर गोधडीचा आणखी एक तुकडा शिवून पुरा केला होता. लेखिकेची सहानुभूती कोठे आहे हे सांगावयास नको. वसाहतीच्या वाङ्मयात नांगराची पूजा नेहमीची. भराव घालणाऱ्या मजुराच्या कौशल्याकडे इतक्या निरखून पाहिलेले क्वचित् आढळते.

याच प्रकरणात पुस्तकाची मध्यवर्ती कल्पना येते. मोजणीदारांच्या खुंट्या दिसतात, रेल्वे दिसत नाही. तरी वडील ती असल्यासारखे बोलतात. तेव्हा लॉरा विचारते की, नसलेल्या रेल्वेचा लोक आधी विचार करतात म्हणून ती होते काय? वडील क्षणभर थांबून होकार देतात: पुरेशा लोकांनी विचार केला, कष्ट केले, आणि वारा-पाऊस आड आला नाही, तर गोष्ट होतेच.

हे ‘लोक’ कोण? वडिलांच्या तोंडी हा शब्द सर्वसमावेशक आहे. त्यात ते स्वतः आहेत, मजूर आहेत, मोजणीदार आहेत, आणि शिकागोच्या कचेरीत बसून फाट्याचा खर्च मंजूर करणारे संचालकही आहेत. पण विचार करणारे आणि कष्ट करणारे एकच असतात, असे हा शब्द सुचवितो. पुस्तकातील घटना मात्र तसे सांगत नाहीत. पगाराच्या दिवशी पंधरा दिवसांचे वेतन अडकवून ठेवले जाते आणि मजूर चिडतात, तेव्हा ते ‘लोक’ राहत नाहीत. अंधारात दुकानाच्या दारापाशी दाटलेला एक धोकादायक जमाव होतात. त्या जमावाला युक्तीने दूर नेतो तो बिग जेरी, फ्रेंच आणि इंडियन अशा मिश्र वंशाचा. लॉराच्या आत्याचा नवरा ठेकेदार आहे. सबंध हंगाम राबून कंपनीच्या वहीत तो उलट देणेकरी निघतो, आणि शेवटी कंपनीच्या दुकानातील मालाच्या गाड्या भरून रात्रीतून चालता होतो. कंपनी स्वतः कोठेही माणसाच्या रूपात येत नाही. ती येते वहीच्या रूपात. मला हे लेखिकेचे अजाण कौशल्य वाटते: ज्याने विचार केला तो कर्ता वाक्यात ‘लोकां’च्या आड लपलेला आहे, पण कथेत त्याची सावली हिशेबाच्या प्रत्येक पानावर पडते.

या शब्दाचा इतिहास वाइल्डरबाईंच्या लेखनात याहून जुना आहे. १९३५ च्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ या कॅन्ससविषयीच्या पुस्तकाच्या आरंभी, तेथे माणसांची वस्ती नव्हती, केवळ इंडियन राहत होते, अशा अर्थाचे विधान होते. सतरा वर्षे ते कोणाला खटकले नाही. १९५२ मध्ये एका वाचकाने प्रकाशकांना पत्र लिहिले. वाइल्डरबाईंनी तो आपला प्रमाद असल्याचे मान्य केले. आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘लोक’ या अर्थाच्या शब्दाऐवजी ‘वसाहतकार’ या अर्थाचा शब्द आला. एका शब्दाच्या या दुरुस्तीने विधान खरे झाले, हे निश्चित. पण त्याच लेखिकेच्या इतर पुस्तकांत हा शब्द जेथे जेथे कर्ता म्हणून येतो, तेथे तो पूर्वीच्याच अर्थाने चालू राहिला. आपल्या भाषेतील ‘लोक’ शब्दाशी याची तुलना मनोरंजक आहे. मराठीत ‘लोक काय म्हणतील’ म्हणताना बोलणारा स्वतःला वगळतो. ‘लोक’ म्हणजे इतर. १९३५ च्या त्या वाक्यात नेमके उलट होते. लोक म्हणजे आपण, आणि इतर ते लोकच नव्हेत. मराठी भाषांतरकाराने तेथे ‘लोक’ असा शब्द योजला तर मूळचा दोष मराठीत दिसेनासा होण्याची भीती आहे. ‘माणसे’ म्हटले तरच तो बोचेल.

‘सिल्व्हर लेक’मध्ये तळ्याकाठची भूमी रिकामीच आहे. रानहंस आहेत, लांडग्यांची शेवटची जोडी आहे, गेलेल्या गव्यांनी लोळून केलेले खड्डे आहेत. ज्या यांक्टन लोकांनी बिग सू आणि मिसूरी या नद्यांमधली ही भूमी १८५८ च्या तहाने सोडली, त्यांचा उल्लेख नाही. तहाला तेव्हा पुरती एकवीस-बावीस वर्षेही लोटली नव्हती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कोणाही कुटुंबप्रमुखाला १६० एकर मागता येत. पाच वर्षे राहून जमीन कसली की ती त्याची. वडील याला चौदा डॉलर लावून सरकारशी मारलेली पैज म्हणतात. रूपक झकास आहे. फक्त पैजेत लावलेली जमीन सरकारकडे कशी आली, हा प्रश्न ते रूपक उद्‌भवू देत नाही.

रिकामेपण हे काही अंशी रचलेलेही आहे, आणि त्याचा पुरावा आता उपलब्ध आहे. वाइल्डरबाईंनी १९३० साली मोठ्यांसाठी लिहिलेले ‘पायोनियर गर्ल’ हे आत्मकथन त्या वेळी प्रकाशकांनी नाकारले होते. पामेला स्मिथ हिल यांनी संपादित केलेली त्याची सटीप आवृत्ती २०१४ मध्ये निघाली. कादंबरीत १८७९-८० च्या हिवाळ्यात इंगल्स कुटुंब मोजणीदारांच्या रिकाम्या घरात एकटे राहते, आणि पुढे बोस्ट दांपत्य येऊन पोहोचते. आत्मकथनावरून दिसते की, त्या घरात एक अविवाहित तरुणही त्यांच्याबरोबर राहत होता. पुढच्या, १८८०-८१ च्या भीषण हिवाळ्यात तर एक सबंध जोडपे तान्ह्या मुलासह इंगल्सांच्या घरी होते. ‘द लाँग विंटर’ (१९४०) मध्ये ते नाही. ही गाळणी जाणूनबुजून केलेली आहे. कुटुंबाचा एकटेपणा वाइल्डरबाईंना कथेसाठी हवा होता. त्यांची कन्या रोझ वाइल्डर लेन यांचा या लेखनातील वाटा किती, याविषयी विल्यम होल्ट्झ यांच्या १९९३ च्या ग्रंथापासून वाद चालू आहे, आणि कॅरोलाइन फ्रेझर यांच्या ‘प्रेअरी फायर्स’ (२०१७) या चरित्रात तो अधिक समतोलपणे मांडला आहे. आपल्या प्रश्नाला त्याने फारसा फरक पडत नाही. कलाकृतीने वास्तवातून वेचावे याला कोणाचा आक्षेप असू नये. पण येथे जे गाळले ते शेजार आहे, परस्परावलंबन आहे. गावाच्या स्थापनेच्या कथेतून शेजारी वजा केला, तर उरलेले कुटुंब स्वावलंबी दिसणारच.

गाव प्रत्यक्ष उभे राहते तो भाग कादंबरीत थोडक्यात येतो आणि तो उत्कृष्ट आहे. १८८० चा वसंत लागताच रूळ पोहोचण्याच्या आधी माणसे पोहोचतात. इमारती लाकूड ब्रुकिंग्जहून गाड्यांनी येते. आणि पंधरा दिवसांत मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना रंग न दिलेल्या पुढ्यांची रांग उभी राहते. या पुढ्या म्हणजे नुसती फळ्यांची भिंत: समोरून दुमजली चौकोनी इमारत, मागे उतरत्या छपराची एक खोली. लॉराला हे गाव आवडत नाही. ती वाढली आहे मोकळ्या माळावर, आणि आता खिडकीतून अनोळखी माणसे दिसतात. ‘लिटल टाउन ऑन द प्रेअरी’ (१९४१) या पुढच्या पुस्तकात तर सुंदर रानावर चिघळलेल्या व्रणाची उपमा ती गावाला देते. गंजींची कुजकी ढेपे, गोठ्यामागचे उकिरडे, पुढ्यांच्या ओबडधोबड पाठी तिला दिसतात. ज्यांनी या ग्रंथमालेला वसाहतीची आरती म्हटले, त्यांनी ही पाने उलटली होती किंवा नाही अशी शंका येते. गावाच्या पाठीमागे जाऊन पाहणारी लेखिका पुढ्यांनी फसलेली असू शकत नाही.

त्या दशकात अशी गावे सर्वत्र निघत होती. पुढे साउथ डकोटा राज्य झालेल्या भागाची लोकसंख्या १८८० मध्ये सुमारे ९८ हजार होती. १८९० मध्ये ती साडेतीन लाखांच्या घरात गेली. सगळीच टिकली नाहीत. डी स्मेटच्या पश्चिमेचे पुढचेच गाव मँचेस्टर. ते आधीच ओसरत आले होते, आणि २४ जून २००३ रोजी चक्रीवादळाने उरलेलेही नेले. डी स्मेटमध्ये आज हजाराच्या आसपास वस्ती आहे.

वडिलांच्या उत्तरातील वाऱ्या-पावसाची अट ‘द लाँग विंटर’मध्ये वसूल होते. ऑक्टोबर १८८० मध्ये पहिले हिमवादळ येते. जानेवारीपासून गाड्या बंद पडतात त्या मे १८८१ पर्यंत. ज्या गावाचा रस्ताच रुळांकडे जातो, त्या गावाकडे रुळांवरून काही येईनासे झाले की काय उरते, ते या पुस्तकात दिसते: कॉफीच्या चक्कीत दळलेला गहू आणि जळणासाठी पिळून केलेल्या गवताच्या पेंढ्या. विचार पुरेशा लोकांनी केला होता, कष्टही पुरेसे झाले होते. कंपनीने फावडी घेऊन माणसेही लावली. हिमाने तो भराव पुन्हा पुन्हा भरून टाकला.

याची पूर्वसूचना देणारा एकच मनुष्य पुस्तकात आहे. शरद ऋतूत एक वृद्ध इंडियन गावातील दुकानात येतो आणि सात महिने हिवाळा टिकेल असे सांगतो. इंगल्स ते मानतात आणि कुटुंबाला माळावरच्या खोपटातून गावात आणतात. त्या वृद्धाला नाव नाही. त्याची भाषा मोडकी आहे; क्रियापदांना रूपे नाहीत, शब्दयोगी अव्यये नाहीत. आपल्या फार्सांतील साहेबाचे मराठी जसे ठराविक साच्याचे, तसा हाही अमेरिकन रंगभूमीवरून आणि स्वस्त कादंबऱ्यांतून रूढ झालेला एक साचा आहे. तो कोणा प्रत्यक्ष बोलणाऱ्याच्या भाषेचा आलेख नव्हे. या साच्याने एक विचित्र गोष्ट केली आहे. सबंध ग्रंथात ज्याचे विधान शब्दशः खरे ठरते, त्याचेच वाक्य व्याकरणदृष्ट्या अपुरे ठेवले आहे. मेरीने त्याचे बोलणे ऐकले असते तर तिला टोकण्यासारखे काही सापडले नसते. तो जसे आहे तसेच सांगत होता.

त्या प्रदेशाच्या भाषेचे व्याकरण तोवर अज्ञात होते असेही नाही. स्टीफन रिग्ज या धर्मोपदेशकाचा डकोटा भाषेचा व्याकरण-कोश स्मिथसोनियन संस्थेने १८५२ मध्येच छापला होता. आणि १९४१ मध्ये, म्हणजे ‘लिटल टाउन ऑन द प्रेअरी’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, फ्रान्झ बोआस आणि एला डेलोरिया यांचे ‘डकोटा ग्रामर’ प्रसिद्ध झाले. डेलोरियाबाईंचा जन्म १८८९ मध्ये यांक्टन राखीव प्रदेशात झाला होता.